सोलापुरी पंक्तीस सुशी

सुशी हा शब्द उच्चारताच आमच्या सोलापुरातील बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कच्च्या मासळीचा तुकडा उभा राहतो, व मागोमाग नाकास पदर लागतो. हा समज अगदीच निराधार आहे असे नव्हे. परंतु तो अपुरा आहे. सुशीचा प्राण मासळी नसून आंबट भात होय. जपानात पूर्वी मासळी टिकावी म्हणून ती खारवून शिजलेल्या भातात कित्येक महिने दाबून ठेवीत. भात आंबे, त्या आंबटपणाने मासळी टिके, आणि खातेवेळी तो भात टाकून देत. बिवा सरोवराच्या काठी या जुन्या रीतीची फुनाझुशी आजही होते. पुढे आंबण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा भातातच सिरका मिसळावा, ही युक्ती निघाली. आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, मुठीत दाबलेल्या भातावर मासळीचा काप ठेवून चटकन खावयाची सुशी लोकप्रिय झाली. आज मोठ्या उपाहारगृहांत जी ऐटीने मिरवते ती मुळात घाईत असलेल्या माणसाची, रस्त्यावरील सुशी होती.

घरची सुशी याहून निराळी. तिला तेमाकी म्हणतात. म्हणजे हाताने गुंडाळलेली. मध्यभागी भात, भोवती भाज्यांच्या ताटल्या, बाजूस नोरीचे कागदासारखे काळसर तुकडे. ज्याने त्याने आपल्या आवडीचे आत घालावे, पानाच्या विड्यासारखे वळावे आणि खावे. वाढणारा कोणी नाही, आग्रह करणारा कोणी नाही. आपल्याकडे हुरड्याच्या आगटीभोवती जसे सर्वजण बसतात, व चटणी कोणी किती घ्यावी याचा हिशेब कोणी ठेवीत नाही, तशातलाच हा प्रकार समजावा.

गेल्या जानेवारीत, सिद्धेश्वराची यात्रा आटोपल्यावर, आमची भाची पुण्याहून चार दिवसांकरिता आली. ती तेथे जपानी भाषा शिकते. तिने बरोबर नोरीची पुडकी आणली होती, आणि शेजाऱ्यांस बोलावून एक जपानी भोजन करावे असा तिचा हट्ट होता. आमच्या कुटुंबास ही कल्पना तत्काळ पटली. आम्ही मात्र एक दिवस विचार केला, व त्यास कारण होते.

आमच्या शेजारी एक लिंगायत कुटुंब राहते. बारा वर्षांचा शेजार. दिवाळीत त्यांच्याकडील फराळ आमच्याकडे येतो, नाताळात आमच्याकडील करंज्या व अंडे न घातलेला केक त्यांच्याकडे जातो. त्यांचा नातू आमच्याच वर्गात आहे. परंतु त्या घरच्या अज्जी, ज्यांचे वय आता ऐंशीच्या पुढे गेले आहे, आमच्या घरी पानावर कधी बसल्या नव्हत्या. आम्हीही त्यांस कधी बोलावले नव्हते. न विचारण्यातही एक प्रकारचा शिष्टाचार असतो, आणि तो दोन्ही घरांनी इतकी वर्षे मोठ्या काळजीने पाळला होता. या वेळी तो मोडला तो नातवाने. "अज्जी आली तरच मी येणार," असे त्याने घरी सांगून टाकले.

अज्जी स्वतः चौकशीस आल्या. नोरीचा तुकडा उजेडात धरून त्यांनी तो न्याहाळला आणि विचारले, "अहो सर, हे समुद्रातलं, म्हणजे मासळीच की!" आम्ही म्हणालो, "अज्जी, उपवासाच्या खिरीत चायना ग्रास घालता ना? तेही समुद्रातील शेवाळापासूनच होते." हे त्यांस ठाऊक नव्हते. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग पुडक्यावरील हिरवा ठिपका त्यांनी नातवाकडून तपासून घेतला व म्हणाल्या, "बरं. पण भात आमच्या घरी शिजेल."

ही अट ऐकून आमचे एक स्नेही रागावले. ज्या घरचा भात चालत नाही त्या घरी पाहुणे म्हणून येण्यात काय अर्थ, असे त्यांचे म्हणणे. ते खोटे नाही. या महाराष्ट्रात कोणी कोणाच्या हातचे पाणी प्यावे यावरून किती माणसांचा किती अपमान झाला, हे आमच्या पूर्वजांस पुस्तकातून शिकावे लागले नाही. पण आम्हास असे वाटते की ऐंशी वर्षांच्या बाईने उंबरठ्याकडे एक पाऊल टाकले असता, दुसरे पाऊल का टाकले नाही म्हणून दार लावून घेण्यात शहाणपणा नाही. भात त्यांच्या घरी शिजला.

आता त्या भाताविषयी. सोलापूर हे जोंधळ्याचे गाव. मंगळवेढ्याच्या ज्वारीचे नाव सर्वांस ठाऊक आहे, भाताचे कौतुक येथे कमीच. सुशीस बासमती अगदी निरुपयोगी, कारण त्याचे दाणे एकमेकांस धरीत नाहीत. जपानी तांदूळ आखूड व चिकट असतो. आम्ही मावळातील इंद्रायणी वापरला. तो शिजल्यावर मऊ व चिकट होतो, आणि वळकटी सुटू देत नाही. तांदूळ पाणी नितळ येईपर्यंत धुऊन अर्धा तास भिजवावा व बेताच्या पाण्यात शिजवावा. तीन वाट्या तांदळास पाव वाटीहून थोडा अधिक सिरका, तीन मोठे चमचे साखर व एक लहान चमचा मीठ पुरते. जपानी लोक शिजलेला भात पसरट लाकडी भांड्यात काढतात व वारा घालीत घालीत त्यात सिरका मिसळतात, म्हणजे जादा ओल उडून भातास तकाकी येते. हे भांडे कोठून आणावे, असा प्रश्न भाचीस पडला होता. अज्जींनी आपली काठवट पुढे केली. तिच्यात त्यांच्या सासूबाईंनी भाकरीचे पीठ मळले होते. वारा सुपाने घातला.

सिरक्याबद्दलही अज्जी साशंक होत्या. तेव्हा त्यांच्या वाटणीच्या भातात लिंबाचा रस घातला. ही तडजोड जपानच्या बाहेरची आहे असे कोणी समजू नये. शिकोकु बेटावरील कोची प्रांतात युझू नावाच्या लिंबाचा रस घालून, बांबूचे कोंब, आळंबी अशा भाज्यांची खेड्यातील सुशी करण्याची जुनी रीत आहे. मासळीवाचून सुशी अडत नाही. काकडीची सुशी तर तेथे सर्वत्र होते. आणि आम्हास सर्वांत नवल वाटले ते कान्प्योचे. कान्प्यो म्हणजे भोपळ्याच्या लांब पट्ट्या काढून, वाळवून, मग साखर व सोया घालून शिजवलेल्या. तो भोपळा आपल्या दुधीच्याच जातीचा. आपण ज्या भाजीस रुग्णाची भाजी म्हणून नाक मुरडतो, ती तेथे सुशीत मानाने बसली आहे.

कच्ची मासळी आम्ही आणली नाही. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. उजनीच्या जलाशयात मासळी भरपूर मिळते, पण गोड्या पाण्यातील मासळीत जंतांचा धोका असतो व ती कच्ची खाणे योग्य नव्हे. सुशीकरिता समुद्रातील मासळीही पुष्कळदा आधी कडक गोठवून घेतात, ती याच कारणास्तव. आमच्या घरच्यांसाठी व एका पद्मशाली स्नेह्यांच्या कुटुंबासाठी उकडलेली कोळंबी व अंड्याची गोडसर पोळी निराळ्या मेजावर, निराळ्या चमच्यांसह ठेवली होती. मुख्य मेजावर काकडी, गाजर, पनीर, उकडलेला बीट, तीळ आणि डाळिंबाचे दाणे. वासाबी मुलांपासून दूर ठेवली. अगदी लहान मुलांस नोरी दातांनी तुटत नाही व घशास चिकटते. त्यांच्यासाठी नुसत्या भाताचे लहान मुटके केले.

पाहुणे बसले, आणि आमच्या शाळेतील इतिहासाच्या शिक्षकांनी हसत हसत प्रश्न टाकला: ज्या गावच्या डॉ. कोटणिसांनी चीनमध्ये जपानी सैन्याशी लढणाऱ्यांची शुश्रूषा करिता करिता देह ठेवला, त्या गावात हे जेवण शोभते काय? प्रश्न थट्टेचा असला तरी थट्टेवारी नेण्याजोगा नव्हता. मुलांनी सुशी हातात तशीच धरून हकीकत ऐकली: १९३८ साली भारतातून गेलेले पाच डॉक्टर, त्यांतील सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी आलेला मृत्यू. त्यांच्या स्मारकावरून ही मुले शेकडो वेळा गेली असतील. अज्जींच्या नातवाने विचारले, "मग जखमी जपानी शिपाई आला असता तर त्यांनी त्याला परत पाठवलं असतं का, सर?" इतिहासाचे शिक्षक थोडे थांबले व म्हणाले, "डॉक्टर होते ते." मुले पुन्हा जेवू लागली.

नोरीचीही एक हकीकत आम्ही सांगितली. हे शेवाळ उन्हाळ्यात कोठे नाहीसे होते, हे जपानी शेतकऱ्यांस शतकानुशतके कळत नव्हते; पीक दैवाधीन असे. १९४९ साली मँचेस्टरच्या कॅथलीन ड्रू-बेकर या विदुषीने ते शिंपल्यांच्या कवचात निराळ्या रूपाने वाढते असे दाखविले, आणि त्या ज्ञानावर जपानात नोरीची पद्धतशीर लागवड उभी राहिली. विवाहित स्त्रीस नोकरी न देण्याच्या तेव्हाच्या नियमामुळे या बाईंची पगारी जागा गेली होती. त्यांनी जपान कधी पाहिला नाही. परंतु आरिआके समुद्रकाठच्या उतो गावी त्यांचे स्मारक आहे आणि दर वर्षी १४ एप्रिलला तेथे त्यांचे स्मरण केले जाते. ही गोष्ट अज्जींनी नातवाकडून कानडीत पुन्हा एकदा सांगून घेतली.

अज्जींनी घरून एक डबा आणला होता. तो त्यांनी उशिराने उघडला. त्यात शेंगांची चटणी होती. त्यांनी नोरीचा तुकडा तळहातावर घेतला, त्यावर लिंबाचा भात, काकडी व वर चटणी घालून नीट विडा केला, आणि प्रथम आमच्या कुटुंबाच्या हातात दिला. दुसरा स्वतःकरिता केला. आमच्याच ताटलीत ठेवून त्यांनी तो खाल्ला. पाणी मागितले, भाचीने आमच्या माठातील दिले, व ते त्या प्याल्या. कोणी काही बोलले नाही. चटणीचा डबा दहा मिनिटांत रिकामा झाला, कोळंबी मात्र उरली.

पुढील आठवड्यात शेजारच्या गच्चीवर दुधीच्या लांब पट्ट्या वाळत घातलेल्या दिसल्या. त्या साखर व सोयात शिजवाव्या की चिंचगुळात, याविषयी दोन्ही घरांत अद्याप एकमत झालेले नाही.