कडेवरचा भाऊ

धाकट्याला उचलायचं तर आधी त्याचे गुडघे पोटाशी दुमडायचे. नाहीतर पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढून ताठ व्हायचे, मग मोठ्या माणसालाही तो आवरत नसे. भरवताना पाठीशी उशी, हनुवटी जराशी खाली. मान मागे गेली की मऊ भातानेही ठसका लागायचा. वाडिया रुग्णालयातल्या बाईंनी हे आईला दाखवलं आणि आईने मला. मी तेव्हा पाचवीत होते. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, हे नाव मला पुष्कळ नंतर कळलं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि लालबाग-परळच्या बायका घराबाहेर पडल्या. कुणी धुणीभांडी धरली, कुणी खानावळीच्या पोळ्या. आई पहाटेच पोळ्या लाटायला जायची. बाबा आधी मोर्च्यांना, पुढे गावी शेतावर. संपावर इतकं लिहून झालं, पण त्या काळात घर सांभाळणाऱ्या थोरल्या मुली त्यात फारशा भेटत नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं. शेजारच्या गिरणीच्या भोंग्याने धाकटा दचकून ताठ व्हायचा. भोंगा थांबला तशी सगळ्या चाळीवर अवकळा आली, आणि तो मात्र दुपारभर गाढ झोपू लागला. त्या झोपेत माझा अभ्यास व्हायचा.

संडास गॅलरीच्या टोकाला. त्याला कडेवर घेऊन रांगेत उभी राहिले की बायका पुढे सोडत. ‘गुणाची गं पोर!’ म्हणत. त्या मायेचा मला फार आधार होता. पण गुणाच्या पोरीने दमायचं नसतं, चिडायचं तर नाहीच. वर्ग सहलीला गेला त्या दिवशी मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याच दुपारी मी गॅलरीतून जाणाऱ्या मांजराचा आवाज काढल्यावर तो इतका हसला की मीही हसत सुटले. राग काही गेला नव्हता.

शिवडीची विशेष मुलांसाठीची जय वकील शाळा एका आईबापांनी आपल्या मुलीसाठी १९४४ साली सुरू केली. अशा आईबापांची नावं राहतात, राहायलाच हवीत. भावंडांची दखल उशिरा घेतली जाते. आई गेल्यावर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीने मला त्याची कायदेशीर पालक नेमलं. कागद हातात आला तेव्हा मी ते काम कितीतरी वर्षं करत होते.

परळच्या रुग्णालयांबाहेर आईमागे पिशवी धरून उभी असलेली थोरली पोरं आजही दिसतात. केसपेपरवर त्यांच्यासाठी रकाना नसतो. शाळा बुडते का, झोप होते का, एवढं विचारायला कायदा लागत नाही. मी विचारते. बहुतेक जण आधी आईकडे बघतात. परवा एकीने मात्र ताडकन सांगितलं, “गणिताचा पहिला तास रोज चुकतो माझा.” आई तिच्याकडे बघतच राहिली.