सुट्टी आपल्या हक्काची

उन्हाळ्याची सुट्टी लागली की पुष्कळ घरांत सहल म्हणजे देवस्थानाची रांग ठरलेली. लेकरे रडतात, आईवडील वैतागतात. यंदा आम्ही वस्तीतली चार कुटुंबे श्रीरामपूरहून एस.टी.ने नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेलो. मुलांना अर्धे तिकीट. २०२३ पासून महिलांनाही.

आधी रणगाडा संग्रहालय पाहिले. तिथून मुले हलेनात. मग भुईकोट किल्ला. १९४२ ते १९४५ या काळात नेहरू येथे कैदेत होते. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' येथेच लिहिले. एका मुलीने विचारले, "तेव्हा बाबासाहेब कुठे होते?"

आम्ही सांगितले, "दिल्लीत, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री. कारखान्यातल्या कामगाराला पगारी रजा देणारा कायदा त्यांच्याच कारकिर्दीत, १९४५ साली झाला."

आमच्यातले कारखान्यातले बंधू गप्प झाले. दरवर्षी रजा विकून हप्ते फेडायची त्यांची सवय!

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र जवळ ठेवावे. भाकरी-चटणी, पाणी घरून न्यावे. उपदेश थोडा करावा, लेकरांना मनसोक्त बागडू द्यावे. बांधवांनो, सगळीच रजा विकू नका. दोन दिवस लेकरांसाठी राखा.

जय भीम!