शेणाचं वाक्य

गेल्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी ‘मुलं आणि मोबाईल’ या विषयावर व्याख्यान झालं. सभागृह माझ्या दुकानासमोरच, म्हणून शटर अर्धं ओढून गेले. वक्ते बोलायला तरबेज. मोबाईल दाखवल्याशिवाय पोर घास गिळत नाही, घरात कोणी कोणाशी बोलत नाही, सगळं सांगून झालं. लोक चुळबुळायला लागले तसे त्यांनी पडद्यावर गमतीचे दोन-तीन व्हिडिओ लावले. त्यातल्या एकात नऊवारी नेसलेली लहान मुलगी रडत रडत “हसू नगा की!” म्हणत होती आणि मागे ढोलाचा ठेका. सभागृह खदखदून हसलं.

ती माझी भाची.

मुलांना मोबाईलपासून कसं वाचवायचं हे सांगायला आलेल्या माणसाला, आपण पडद्यावर लावलंय ते एक मूलच आहे, हे सुचलंसुद्धा नाही. मी उठून बाहेर आले. तिथे तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं देव जाणे, आणि समोर बसलेले निम्मे लोक माझे गिऱ्हाईक.

मी महा ई-सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचे फॉर्म, सोबत झेरॉक्स. भाऊ गावाकडे शेती करतो, वहिनी घर बघून शिवणकाम करते, पोरगी जिल्हा परिषदेच्या शाळेत. 2024 च्या 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, शाळेत बालिका दिनाचा कार्यक्रम होता. नऊवारी वहिनीनेच शिवलेली.

पोरीचं भाषण सगळं मिळून तीन-साडेतीन मिनिटांचं. “मी सावित्री बोलतेय” पासून सुरुवात. नायगाव, जोतिराव, 1848 साल, भिडेवाडा सगळं खणखणीत म्हटलं. मग शेणाचा प्रसंग आला. लोक अंगावर शेण टाकायचे, म्हणून बाई दुसरं लुगडं सोबत न्यायच्या, हेही बरोबर सांगितलं. त्यानंतर शेणाच्या गोळ्यांना मी फुलं समजते अशा अर्थाचं वाक्य असतं, दरवर्षी प्रत्येक शाळेत प्रत्येक सावित्री ते म्हणते. नेमकं तेच ती विसरली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, पदर सावरला आणि स्वतःच्या मनाने म्हणाली, “मी त्यांना म्हटलं, टाका किती टाकायचंय ते शेण. आमच्या घरी सारवायला लागतंयच!”

सात वर्षांच्या पोरीचं हे उत्तर! मांडवातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, हसल्या, एकदोघींनी पदर तोंडाला लावला. ते हसू कौतुकाचं होतं. पण तिला वाटलं आपलं पाठांतर चुकलं म्हणून हसताहेत. तोंड वाकडं झालं, डोळ्यांतलं काजळ गालावर उतरलं आणि रडतच ओरडली, “हसू नगा की!”

गावात एक पोरगा आहे. बैलगाडा शर्यती, वाढदिवस, जत्रा सगळ्याचे रील्स करतो. त्याने हे मोबाईलवर घेतलं आणि त्यातलं फक्त शेवटचं रडणं ठेवलं. सारवायचं वाक्य कापलं.

माझा राग कुठे अडकलाय ते इथे सांगते, कारण लोकांना वाटतं व्हिडिओ पसरला म्हणून मी चिडले. अख्खं पसरलं असतं तर मी कदाचित पेढे वाटले असते. जे ऐकून लोक हसले तेच काढून टाकलं आणि रडणं तेवढं ठेवलं. आता बघणाऱ्याला काय दिसतं? पाठांतर विसरलेली, लोक हसले म्हणून भोकाड पसरणारी एक गावठी पोर. तिची हुशारी कापली गेली आणि फजिती तेवढी गावोगाव फिरली. त्या पोराला विचारलं तर म्हणाला, “ताई, ते लांब होत होतं. सुरुवातीच्या तीन सेकंदांत काही घडलं नाही की माणूस पुढं सरकवतो.” त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हेही खरं. वर म्हणाला, फुकट पब्लिसिटी मिळाली की.

दोन दिवसांत ‘एमपीएससीचा निकाल लागल्यावर मी’, ‘महिनाअखेरीचं माझं खातं’ अशी नावं देऊन तेच रडणं फिरायला लागलं. खाली लोकांनी तिच्या रंगावर लिहिलं, दातांवर लिहिलं. काहींना हा सावित्रीबाईंचा अपमान वाटला, त्यांना उत्तर द्यायला दुसरे धावले आणि दोघांनी मिळून एकमेकांच्या जाती काढल्या. गुरुजींना केंद्रप्रमुखांचा फोन आला, खुलासा द्या म्हणून. खुलासा कशाचा, तर मूल रडलं याचा.

पोराने त्याच्याकडचा व्हिडिओ लगेच काढला, पण तोवर तो शंभर ठिकाणी गेला होता. अख्ख्या तालुक्याचे फॉर्म मी भरते, म्हटलं व्हिडिओ काढून टाका म्हणायचा हाही भरू. फॉर्म आई किंवा वडिलांनीच भरायचा. आत्याने भरलेला चालत नाही. भावाचा ऊस तोडीला आलेला, टोळी रानात, तो काही हलेना. रात्री आला तर ओटीपी ज्या नंबरवर येतो तो बटणांचा फोन रानातल्या खोपीत राहिलेला. दुसऱ्या दिवशी तो फोन आला तर सर्व्हरने रुसवा धरला. मग ओळखपत्र, मुलीचं आणि वडिलांचं नातं दाखवणारा कागद, आणि प्रत्येक व्हिडिओची वेगळी लिंक. तक्रार एका मुलीची नसते, लिंकची असते. एक उडवली की तोवर दोन नव्या. व्हॉट्सॲपवर फिरतंय त्याला तर लिंकच नाही.

समाजमाध्यमांसाठीच्या 2021 च्या नियमांप्रमाणे कंपनीने तक्रार अधिकारी नेमायचा, तक्रार पोचल्याचं 24 तासांत कळवायचं आणि, तेव्हाच्या नियमात, 15 दिवसांत निकाल लावायचा. पोच मात्र वेळेत आली, यंत्राने पाठवलेली. काही व्हिडिओ काढले. बाकीच्यांबद्दल उत्तर आलं की यात आमचा कुठलाही नियम मोडलेला नाही. आता बघा, मुलगी अंगभर कपड्यात, मारहाण नाही, शिवी नाही. नियम कुठला मोडणार? पोलिसांकडे गेलो तर तिथले साहेबही नीट बोलले, चहा सांगितला, पण म्हणाले, मॅडम, अश्लील नाही, धमकी नाही, मी कलम कुठलं लावू? उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांत केंद्र सरकारच्या अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. जाणार होते. पण भाऊ म्हणाला, बास आता, तुझा फॉर्म भरून होईस्तोवर लोक विसरतील. दीड वर्षाने त्या सभागृहात कोणी विसरलेलं दिसलं नाही.

मुलांसाठी नियमच नाहीत असं नाही. टीव्ही मालिकेत मूल घ्यायचं तर निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. 2017 च्या नियमांप्रमाणे दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही आणि कमाईतला निदान 20 टक्के हिस्सा मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. अंगणात उभं राहून चित्रीकरण करणाऱ्याला काय लागतं? चार्जिंग. फ्रान्सने 2020 साली आईबापांच्या व्हिडिओंतून कमावणाऱ्या मुलांसाठी कायदा केला, आणि ते व्हिडिओ काढून टाका म्हणायचा हक्क त्या मुलांनाच दिला. आपल्याकडे 2023 च्या माहिती-संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचं ते मूल आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती हवी, असं लिहिलंय खरं. पण त्याचे नियम यायला 2025 चा नोव्हेंबर उजाडला.

आमच्याच जिल्ह्यात मोहित्यांच्या वडगावात 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांत टीव्ही-मोबाईल बंद होतात. चांगलं आहे, मी नावं ठेवणार नाही. निदान तिथे मोठ्यांनाही बंद करावा लागतो. बाकी ठिकाणी सगळी चर्चा पोरांच्या हातातल्या मोबाईलची. भाचीच्या हातात त्या दिवशी मोबाईल नव्हता. समोर बसलेल्या मोठ्या माणसांच्या हातात होते, पहिल्या रांगेत तर ओळीने वर धरलेले. मुलाचा व्हिडिओ स्टेटसला टाकण्याआधी आईबापांना विचारा एवढं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. लोक मान डोलावतात आणि प्रिंटची वाट बघत पुन्हा अंगठा सरकवायला लागतात.

आता पोरीचं. तिने धसका घेतला असेल असं मी धरून चालले होते. शाळेत पोरं चिडवायची, एसटीत कंडक्टरने ‘ती तूच का’ विचारलं, काही दिवस ती माझ्या मागे लपायची हे खरं. पण पुढच्या जत्रेत लोक सेल्फी मागायला लागले तशी तीच पुढे होऊन केस सारखे करायला लागली. मला ते बघवेना. वहिनी म्हणाली, “वन्सं, तुम्हीच जास्त मनाला लावून घेतलंय.” असेलही.

गुरुजींच्या फोनमध्ये भाषणाचा पूर्ण व्हिडिओ निघाला. मी तो पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवलाय, कंटाळा आला की दुकानात लावते आणि सारवायच्या वाक्याला दरवेळी हसते. शेवटच्या रडण्यालाही हसू येतं, खोटं कशाला बोलू? पोरगी दिसतेच तशी. सगळ्या कॉप्या उडवा म्हणून रात्री जागवणारी मीच, आणि हा पूर्ण व्हिडिओ लोकांनी बघावा, त्या व्याख्यात्याला तर मुद्दाम पाठवावा, असं वाटणारीही मीच.

परवा घरी विषय काढला. भाऊ म्हणाला टाक, होऊन जाऊ दे. वहिनी म्हणाली, नाव काढू नका. मग पोरीलाच विचारलं. तिने अख्खा व्हिडिओ बघितला, दोनदा मागे घेऊन बघितला, आणि म्हणाली, “आत्या, टाक. पण भिडेवाड्यापर्यंतचं लई लांबतंय, ते मी कापणार.”

वहिनी अजून नको म्हणतेय.