क्लच आधी की ब्रेक?



सुट्टीत आपल्यापैकी बरेच जण गाडी शिकायला जातात. पहिल्याच दिवशी सांगतात, "थांबायचं तर क्लच-ब्रेक दाबा." गाडी बंद पडू नये म्हणून नवशिक्याला ते ठीक. पण हीच सवय पायाला लागली, तर घाटात जिवावर बेतू शकते.

मुळात क्लच करतो काय? दोन ताटल्या पाठीला पाठ लावून घट्ट धरा. एक इंजिनाची, दुसरी चाकांकडची. एक फिरवली की दुसरीही फिरते. क्लच दाबणं म्हणजे या ताटल्या वेगळ्या करणं. क्लचने गाडी थांबत नाही, इंजिन आणि चाकांचा संबंध तेवढा तुटतो. गाडी थांबवतो तो ब्रेक.

म्हणून वेगात असताना आधी ब्रेक. वेग उतरून इंजिन थरथरायला लागलं की मग क्लच. अचानक कुणी आडवं आलं, तर ब्रेक पूर्ण दाबायचा, क्लच पाठोपाठ. लक्षात ठेवा, वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं.

आमचे अण्णा कुंभार्ली घाटातून चिपळूणकडे उतरताना गाडी न्यूट्रल करायचे. मागे नातवंडं बसलेली.

"अण्णा, गिअर टाका ना."

"अगं, पेट्रोल वाचतंय!"

हा हिशोब जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांचा. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडला, की उतारावर इंधन जवळजवळ बंदच होतं. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतं. शिवाय इंजिनाचा अटकाव गेला, की सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, आणि फार तापले की धरत नाहीत.

बोलून अण्णांना पटेना. मग एका उतारावर त्यांना दुसरा गिअर टाकायला लावला. ब्रेकवरचा पाय उचलला, तरी गाडी आवरलेलीच! अण्णा काही बोलले नाहीत, पण पायथ्यापर्यंत गिअर काढला नाही.

तेव्हा ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. आणि एरवी डावा पाय क्लचवर ठेवून गाडी चालवू नका, क्लच प्लेट झिजते.

तुमच्या घरी कुणी घाटात न्यूट्रल करत असेल, तर वाद घालू नका. एकदा दुसऱ्या गिअरमध्ये उतरवून दाखवा.