सही करण्याआधी तीन प्रश्न

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना झाली, की आम्ही बाया थोडा वेळ मागे थांबतो. रेशन, मुलांची फी, भिशीचा हिशेब असे बोलणे चालते. असेच एकदा एकीने पिशवीतल्या गाठींचा विषय काढला आणि मग कळले, की आमच्या पंधरा जणींपैकी चौघींना हेच दुखणे आहे. तोवर जी ती आपले दुखणे पदराखाली झाकून होती.

गर्भाशयाच्या स्नायूत वाढणाऱ्या या गाठींना डॉक्टर फायब्रॉइड म्हणतात. गाठ म्हटले की कर्करोगच आठवतो, पण या गाठी जवळजवळ नेहमीच साध्या असतात. त्रास नसेल तर बहुधा काहीच करावे लागत नाही. पाळी कायमची गेली, की त्या साधारणपणे आकसतात. मात्र गाठ पिशवीच्या आतल्या पोकळीला दाबत असेल, तर अंगावरून फार जाते, रक्त कमी होते, जिना चढताना दम लागतो आणि दिवस राहण्यातही अडचण येऊ शकते.

चौघींपैकी तिघींनी उपचार घेतले. तिघींचे उपचार वेगळे आणि नंतरची पाळीही वेगळी.

पहिली आमच्यातली वडीलधारी, वय 47, मुले मोठी झालेली. हिमोग्लोबिन साडेसहावर आले होते. बाईला ते 12 तरी हवे. तिला आधी रक्त चढवले आणि मग पिशवी काढली. पाळी थांबली, मुलाचा प्रश्न संपला. तिचे बीजांडकोश मात्र डॉक्टरांनी ठेवले. त्यामुळे अंगातून वाफा निघणे, झोप उडणे हे त्रास तिला एकदम सुरू झाले नाहीत. शेजारणी म्हणाल्या, "आता बाईपण गेलं." ती म्हणाली, "बाईपण पिशवीत होतं व्हय? माझा तर दम लागायचा थांबला." आम्ही सगळ्या हसलो, पण बोलणे खरेच होते.

दुसरी 32 वर्षांची. लग्नाला सहा वर्षे, मूल नाही. सासरी दुसऱ्या सोयरिकीची कुजबुज सुरू झालेली. एका खासगी दवाखान्यात तिलाही पिशवीच काढायला सांगितले होते. आम्ही तिला मोठ्या सरकारी रुग्णालयात नेले. तिथे फक्त गाठी काढल्या, पिशवी राखली. पुढची पाळी सहा आठवड्यांनी आली, दोन-तीन महिने मागेपुढे होत राहिली, मग सुरळीत आणि कमी झाली. टाके भरून यावेत म्हणून सहा महिने दिवस राहू देऊ नका, आणि काप खोल असल्याने बाळंतपण सिझेरियननेच करावे लागेल, असे डॉक्टरांनी बजावले. गाठी पुन्हा होऊ शकतात, हेही सांगितले. ती अजून वाट पाहते आहे. गाठ काढली म्हणजे मूल होतेच असे नाही. म्हणून आम्ही नवऱ्याचीही तपासणी करायला लावली. सहा वर्षांत ती एकदाही झाली नव्हती! आता सासरची कुजबुज थांबली आहे.

तिसरी म्हणजे हे लिहिणारीच, वय 44. तिने गाठींचा रक्तपुरवठा बंद करण्याचा उपचार घेतला. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी घालून बारीक कण सोडतात आणि गाठ हळूहळू सुकते. गाठींवरचा हा उपचार 1995 साली पॅरिसच्या डॉक्टरांनी प्रथम जगापुढे मांडला. पहिले दोन दिवस कळा फार आल्या. पुढे पाळी कमी झाली, मध्ये दोन महिने चुकलीही. पंचेचाळिशीच्या आसपास या उपचारानंतर एखादीची पाळी कायमचीही जाते. हे आधी विचारून घेतले होते, म्हणून घबराट झाली नाही. यानंतर दिवस राहू शकतात, पण ज्यांना मूल हवे आहे त्यांना डॉक्टर सहसा हा मार्ग आधी सुचवत नाहीत.

पाळी तात्पुरती बंद करणारी इंजेक्शनेही असतात. ती थांबली की पाळी परत येते आणि गाठीही पुन्हा वाढू लागतात. कोणताही उपचार झाल्यावर तासाला पॅड भिजू लागले, ताप आला किंवा घाण वासाचे पाणी जाऊ लागले, तर घरी बसू नये.

यातून आम्ही तीन प्रश्न ठरवले आहेत. या उपचाराने माझ्या पाळीचे काय होईल? मला पुढे मूल होऊ शकेल का? बीजांडकोश ठेवणार की काढणार? याखेरीज दुसरा काही मार्ग आहे का, हे तर विचारायचेच. कचेरीत आम्ही न वाचता एक व्हाउचर पुढे सरकवत नाही, मग आपल्या शरीराच्या कागदावर न विचारता अंगठा का द्यावा?

न विचारल्याची किंमत कोण मोजते तेही पाहा. आमच्यातल्या काहींच्या माहेरच्या बाया ऊसतोडीला जातात. पाळीत खाडा झाला की मजुरी कापली जाते. 2019 साली शासनाच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. 2023 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला. आदेश कागदावर राहू नये, हे बघणे आपल्या हातात आहे.

बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात कामगार बायांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी म्हणून बाजू मांडली आणि 1929 साली कायदा झाला. बाईच्या शरीराची गोष्ट ही चुलीपाशी कुजबुजण्याची नव्हे, हक्काची आहे, हे त्यांनी तेव्हाच दाखवले. तथागतांनीही कालामांना सांगितले, की ऐकीव आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. शेजारीण म्हणते, सासू म्हणते, डॉक्टर म्हणतात, सगळ्यांचे ऐकावे. निर्णय मात्र जिचे शरीर तिचा.

भगिनींनो, दवाखान्यात एकटी कोणी जाऊ नका. आमच्या मंडळातली एक बाई आता दरवेळी बरोबर जाते, वहीत प्रश्न लिहून नेते आणि डॉक्टरांची उत्तरे त्यांच्यासमोरच लिहून घेते. चौथीचा नंबर पुढच्या महिन्यात आहे. तिची वही तयार आहे.