स्कॅलपचे कंगोरे

मराठी माध्यमातून आलेल्या पोराला इंजिनीअरिंगमध्ये गणित छळत नाही, शब्द छळतात! अर्थ कळला नाही तरी कोणी विचारत नाही. "हसतील रे सगळे," असं माझा लातूरकडचा रूम पार्टनर म्हणतो. कॅमच्या तासाला येणारा 'स्कॅलप हाइट' हा असाच एक शब्द. म्हटलं, याचं मूळ तरी शोधू.

स्कॅलप म्हणजे मुळात पंख्यासारखा, लाटालाटांच्या कडेचा समुद्री शिंपला. जुन्या फ्रेंचमधल्या 'एस्कलोप', म्हणजे शिंपला, या शब्दावरून तो इंग्रजीत आला. शेल कंपनीचं चिन्ह हाच शिंपला. आपल्या माहुलची रिफायनरीसुद्धा १९५५ साली बर्मा-शेलनेच सुरू केलेली. १९७६ मध्ये सरकारने घेतली, आता ती भारत पेट्रोलियमची.

पुढे तशा आकाराच्या कुठल्याही कडेला स्कॅलप म्हणू लागले. मुलुंडला माझी मावशी ब्लाउज शिवते. तिला विचारलं तर म्हणाली, "त्यात काय एवढं? गळ्याला करतो की आम्ही!" नाणं ठेवून खडूने अर्धगोल काढायचे, त्यावर शिवण घालायची आणि उलटवण्याआधी प्रत्येक खाचेत कात्रीने बारीक छेद द्यायचा. नाही तर कापड चुण्या धरतं. मावशी सातवी शिकलेली. पण या शब्दाला ती कधी घाबरली नाही.

धातूवरही तेच. बॉल एंड कटर शेजारशेजारून फिरला की दोन फेऱ्यांच्या मध्ये बारीक उंचवटा उरतो. त्याची उंची म्हणजे स्कॅलप हाइट. कटर १० मिमी व्यासाचा, पृष्ठभाग सपाट आणि फेऱ्यांतलं अंतर १ मिमी असेल तर ती सुमारे ०.०२५ मिमी. अंतर निम्मं केलं की उंची पावपट होते, पण फेऱ्या दुप्पट. संपलं!

आणि आपल्याकडे 'कंगोरा' आहेच की! तटाचा कंगोरा, साडीच्या काठाचा कंगोरा. तोही मूळचा फारसी. सी प्रोग्रॅममधल्या महिरपी कंसातली 'महिरप' अरबीतून आली. म्हणजे परके शब्द आपण पूर्वीपासूनच घरचे करत आलोय.

तेव्हा ज्युनियर मंडळी, शब्द अडला तर सरळ हात वर करा. मराठीत विचारा, हिंदीत विचारा, पण विचारा. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी तो कुठे माहीत असतो?