पाकळ्यांचा हिशेब

खोपोलीहून बोरघाट चढणाऱ्या जुन्या मोटारी खंडाळ्याच्या अलीकडे कडेला उभ्या असत. बॉनेट उघडे, आणि प्रवासी इंजिन निवण्याची वाट पाहत दगडांवर बसलेले. लोणावळ्याच्या बाजारपेठेत वाढलेल्यांना हे दृश्य नवे नव्हते. किराणा-भुसार मालाच्या एका पेढीवर येणारे ट्रकचालक आधी पाण्याची बादली मागत आणि मग मालाचे बोलत. इंजिन तापले म्हणजे पाणी संपले, एवढेच त्या पेढीच्या शेठजींना ठाऊक होते. चहूकडे पाणीच पाणी असतानाही इंजिन तापते, हे त्यांना पंचेचाळिशीनंतर कळले.

कन्येला शिडाच्या नौकांचा छंद लागला होता. तिच्या हट्टाखातर मुंबईच्या मेहुण्यांसह निम्म्या भागीदारीत अठ्ठावीस फुटी जुनी नौका घेतली गेली. शिडाच्या होडीला इंजिन कशाला, असे घरातील आजींनी विचारले होते. प्रश्न रास्तच होता. पण वारा पडतो, बंदरातील गर्दीतून वाट काढावी लागते, आणि त्यासाठी खालच्या खोलीच्या पायऱ्यांमागे एक लहानसे डिझेल इंजिन बसवलेले असते.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी पाहुण्यांसह मांडव्याला जाऊन यायचे ठरले. निघताना शेठजींनी नौकेच्या मागच्या बाजूला वाकून पाहिले. धुराबरोबर खारे पाणी जोराने उसळायला हवे. त्या दिवशी धार बारीक होती. त्यांनी ती पाहिली आणि कोणालाही काही सांगितले नाही. पाहुणे चढले होते, डबे भरले होते.

परतताना वारा पडला. इंजिन सुरू केले आणि काही वेळातच तापमानाचा काटा वर सरकला, धोक्याची घंटा वाजली. इंजिन बंद केले, तर भरतीचे पाणी नौकेला मोठ्या जहाजांच्या मार्गाकडे ओढू लागले. नांगर टाकला. सूर्यास्त झाला, चौविहार करणाऱ्यांचे डबे न उघडता तसेच राहिले. लहान मुलगा रडत होता. दोन तासांनी मंद वारा सुटला, तेव्हा शिडावर अंधारात परतणे झाले.

मुंबईतील एका कारखान्याने पंपातील रबरी चक्र बदलले आणि बिल दिले. पंधरा दिवसांनी काटा पुन्हा चढला.

उत्तर मिळाले ते मावळातच. लोणावळ्याची आयएनएस शिवाजी ही नौदलाची संस्था 15 फेब्रुवारी 1945 रोजी, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीच सुरू झाली. समुद्रसपाटीपासून 600 मीटरांहून उंच अशा या डोंगरावर नौसैनिक जहाजांच्या इंजिनांची विद्या शिकतात. तिथे शिकून, पुढे अनेक वर्षे जहाजांवर काढलेले एक वृद्ध गृहस्थ जवळच्या गावी भातशेती करीत आणि महिन्याचा किराणा याच पेढीवरून नेत. त्यांनी सारे ऐकून एकच विचारले, “शेठ, जुनं चक्र टाकून दिलंत का?”

सुदैवाने ते नौकेच्या खणात पडून होते. सहा पाकळ्यांपैकी दोन तुटलेल्या.

“मग त्या दोन गेल्या कुठं? पंपातून पुढं गेलेली वस्तू हवेत विरत नाही.”

रात्री मेळात दोन रुपयांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत दिवा न मालवणाऱ्या शेठजींना हा प्रश्न वर्मी लागला. हिशेब न जुळवता त्यांनी बिल चुकते केले होते.

पुढच्या रविवारी म्हातारबाबा नौकेवर आले. तळातील झडपेतून खारे पाणी आत येते, गाळणीतून पंपात जाते आणि हीट एक्स्चेंजर नावाच्या नळकांड्यात शिरते. इंजिनाभोवती फिरणारे गोडे पाणी व कूलंट यांचे मिश्रण तिथे आपली उष्णता खाऱ्या पाण्याला देते. दोन्ही पाणी शेजारून वाहतात, मिसळत नाहीत. मग खारे पाणी धुरासह बाहेर पडते. इंजिनातून थेट खारे पाणी फिरवले तर सुमारे 60 अंशांपलीकडे क्षार बसू लागतात, म्हणून ही दुहेरी योजना. नळकांड्याचे झाकण काढताच त्याच्या तोंडाशी अडकलेले रबराचे दोन तुकडे दिसले. कन्येने ते जुन्या चक्राला लावून पाहिले. जुळले.

पाकळ्या तुटल्या का, तेही त्यांनीच सांगितले. पावसाळ्याचे चार महिने नौका उभी होती. पाकळ्या एकाच स्थितीत वाकून राहिल्या, रबर ताठरले. त्यात झाकणाजवळची जस्ताची कांडी जवळजवळ संपली होती. इतर धातूंऐवजी झिजण्यासाठीच ती असते. अर्धी झाली की बदलायची.

गाळणी उघडण्यापूर्वी त्यांनी तळझडप बंद करायला लावली, नाहीतर समुद्र आत येईल. जाळीत शेवाळ होते आणि त्यात वळवळणाऱ्या इवल्या कोळंब्या. आजींनी विहिरीचे पाणी गाळून फडक्यातली जीवाणी पुन्हा त्याच विहिरीत सोडलेली कन्येने लहानपणी पाहिली होती. तिने बादलीत समुद्राचे पाणी घेतले, जाळी त्यात हलकेच खळबळली आणि बादली समुद्रात रिती केली. म्हातारबाबांनी हे पाहिले आणि कूलंटचा डबा पुढे केला. “हेही जपा. चवीला गोड असतं, पण विष आहे. जुनं काढाल ते डब्यात भरून परत न्यायचं, समुद्रात एक थेंब जाता कामा नये.” जयणा हा शब्द त्यांना बहुधा ठाऊक नसावा.

त्या रात्री शेठजींनी मेहुण्यांना दूरध्वनी करून बारीक धारेची गोष्ट सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग मेहुणे म्हणाले, “मलाही दिसली होती.”

पेढीवरून एक कोरा रोजमेळ नौकेवर गेला. निघण्यापूर्वी गाळणी, पट्टा, कूलंटची पातळी. सुरू केल्यावर धार. मग दर अर्ध्या तासाने काटा. पहिल्या पानावर नोव्हेंबरमधील त्या रविवारची तारीख घालून शेठजींनी लिहिले: ‘धार बारीक दिसली. तरी निघालो.’

जूनमध्ये नौका किनाऱ्यावर घेतली. कन्येने गोड्या पाण्याने खाऱ्या पाण्याची वाट धुतली, चक्र बाहेर काढले, पाकळ्या मोजल्या. इंजिनाची किल्ली आता पेढीत गोदामाच्या किल्ल्यांशेजारी टांगलेली आहे. तिला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिले आहे: ‘पंपात चक्र नाही. सुरू करू नये.’